सूज, शोथ, शोफ आणि हत्तीचा पाय

आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'बायलॅटरल पेडल इडीमा'. आत्या लातूरची, शिक्षण जुनी सातवी, पण कागद हातात आला की वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही.

"ते इडीमा का काय लिवलंय, ते काय असतंय रे?"

"सूज, आत्या. दोन्ही पायांवरची सूज."

"मग सूज लिव्हायला काय झालतं? पाय सुजलेत म्हणून मीच तर सांगितलतं त्यायला!"

आता याला काय उत्तर देणार? ती मराठीत जे सांगून आली तेच तिला ग्रीकमध्ये, सहीशिक्क्यानिशी परत मिळालं होतं. आत्या आता बरी आहे. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि त्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले. जे सापडलं ते इथे मांडतो. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे उदाहरणं अधूनमधून आमच्या धंद्यातली येतील, सांभाळून घ्या.

सुरुवात आपल्या बोलण्यापासून. मराठीत सूज येते, चढते, उतरते, ओसरते. ही सगळी क्रियापदं आपण आणखी कशाला वापरतो? पुराला! नांदेडला गोदावरीचं पाणी असंच चढतं, उतरतं, ओसरतं. पोट फुगलं की आपण 'पोटात पाणी झालंय' म्हणतो, आणि त्याचं पुस्तकी नाव जलोदर, म्हणजे पाण्याचं पोट. सूज म्हणजे नको तिथे साठलेलं पाणी, हे भाषेला शरीरशास्त्र न शिकताच ठाऊक आहे.

आता जरा मागे जाऊ. संस्कृतात सुजेला तीन शब्द आहेत: शोथ, शोफ आणि श्वयथु. तिन्हींचं मूळ 'श्वि' या धातूत, अर्थ फुगणे, वाढणे. पाणिनीच्या धातुपाठात हा धातू नुसता 'श्वि' असा येत नाही, 'टुओश्वि' असा येतो. त्यातला टु आणि ओ बोलायचे नाहीतच. ते निव्वळ खुणेसाठी आहेत, आम्ही प्रोग्रॅममध्ये फ्लॅग लावतो ना, तसे. ज्या धातूला 'टु'ची खूण, त्याला 'अथु' हा प्रत्यय लागतो, म्हणून श्वयथु. (कापरं भरणे या अर्थाचा वेपथु याच नियमातला.) ज्याला 'ओ'ची खूण, त्याच्या भूतकाळवाचक रूपात 'त'चा 'न' होतो, म्हणून शून, म्हणजे सुजलेला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस असा नेटका कोड लिहून गेलाय, आणि आम्ही अजून कॉमेंट लिहायचा कंटाळा करतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. या 'शून'पासूनच कोशकार 'शून्य' हा शब्द काढतात. फुगलेलं म्हणजे आतून पोकळ, आणि पोकळ म्हणजे रिकामं. म्हणजे आमच्या धंद्याचा अर्धा संसार ज्याच्यावर चालतो ते शून्य आणि आत्याच्या पायावरची सूज एकाच घराण्यातली निघाली! आपलं 'सुजणे' हेही 'शूयते' या रूपापासून प्राकृतातून घासत-घासत इथवर आलेलं. ग्रीक 'ओइडेमा'चा अर्थही फुगवटा एवढाच. त्या घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे ईडिपस राजा. लहानपणी घोट्यांत भोकं पाडून टाकून दिलेला, म्हणून नाव 'सुजलेल्या पायाचा'. थोडक्यात काय, आत्या बरोबर होती. इडीमामध्ये सुजेपेक्षा जास्त काहीही लिहिलेलं नाही.

नाव जाऊ द्या, सूज ओळखायची कशी ते जुन्या वैद्यांनी फार बारकाईने पाहिलं होतं. चरकसंहितेत सूत्रस्थानातला १८वा अध्याय नुसता सुजेवर आहे आणि चिकित्सास्थानातला १२वा पुन्हा त्यावरच. त्यात बोटाने दाबून बघायची परीक्षा आहे. दाबल्यावर लगेच वर येते ती वाताची, दिवसा जोर करते. दाबल्यावर खड्डा तसाच राहतो ती कफाची, रात्री जोर करते. वात-कफ मानायचे की नाही हा वेगळा विषय. पण आजही डॉक्टर नडगीवर अंगठा दाबून धरतात आणि खड्डा राहतो का ते बघतात. साधनाला खर्च शून्य (पुन्हा तोच!).

चरकाकडे शोथ, शोफ, श्वयथु एकमेकांच्या जागी येतात. आजच्या मराठी शास्त्रीय लिखाणात मात्र त्यांची वाटणी झालेली दिसते: लाल, गरम, ठणकणारी सूज ती शोथ आणि पाणी साठून आलेली ती शोफ. वाटणी उपयोगाची आहे, फक्त ती पुस्तकातच राहिली. लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून कुणाला 'शोफ' म्हणून बघा, तो 'सोप' समजून बडीशेपेची पुडी हातात देईल.

आता निजामाकडे वळू, कारण मराठवाड्याची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड हैदराबाद संस्थानातला जिल्हा, आणि लातूर हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव (लातूर जिल्हा झाला १९८२ साली). सरकारी भाषा उर्दू. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवलं जाई, आणि त्यासाठी शब्द घडवणारं भाषांतराचं वेगळं खातं होतं. हकिमांच्या आणि या डॉक्टरांच्या भाषेत सूज म्हणजे 'वरम', आणि अंगात पाणी साठण्याचा रोग म्हणजे 'इस्तिस्का'.

या इस्तिस्कापाशी मी बराच वेळ थांबलो. मूळ अरबी अर्थ, पाणी मागणे. या रोग्याला सारखी तहान लागते, म्हणून हे नाव. आणि पाऊस पडत नाही तेव्हा उघड्या मैदानात जमून जी नमाज पढतात, तिचंही नाव नमाज-ए-इस्तिस्का! अंगात पाणी साठलेला माणूस पाणीच मागतो आणि कोरडं पडलेलं गावही पाणीच मागतं, दोघांना एकच शब्द. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं (पहिल्या गाडीत पाच लाख लिटर), तिथल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

युनानीत इस्तिस्काचे तीन प्रकार. पखालीसारखा तो ज़िक्की, म्हणजे आपलं जलोदर. सगळं अंग सुजतं तो लहमी. आणि ढोलासारखा वाजतो तो तबली. पाण्याने भरलेल्या पखालीची हीच उपमा सुश्रुतानेही दिली आहे, अंडवृद्धीच्या एका प्रकाराला. दोन भाषा आणि दोन शास्त्रं, पण पाणी वाहायचं भांडं दोघांचं एकच.

इथवर सूज हा 'रोग' होता. वैद्य, हकीम आणि युरोपातले डॉक्टर, सगळे रोग्याला 'सुजेचा रोगी' म्हणत आणि सुजेवर औषध देत. इंग्रजीत या रोगाचं नाव 'ड्रॉप्सी', आणि मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून तेवढंच लिहिलेलं असे. १७८५ साली बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंगने एका म्हाताऱ्या बाईच्या झाडपाल्याच्या काढ्यातून नेमकी वनस्पती हुडकून ड्रॉप्सीवरचं पुस्तक छापलं. ती डिजिटालिस. पण ती काही रोग्यांची सूज उतरवी, काहींची नाही. असं का? कारण ती हृदयाचं औषध होती, आणि सगळ्या सुजा हृदयाच्या नसतात. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइटने दाखवलं की काही सुजलेल्या रोग्यांची लघवी तापवली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साखळते, आणि मेल्यावर त्यांची मूत्रपिंडं खराब निघतात. मग १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंगने पाणी रक्तवाहिनीतून बाहेर का येतं आणि परत आत का जातं, त्याचा हिशोब मांडला.

तो हिशोब कालव्याखालच्या शेतकऱ्याला दोन वाक्यांत समजेल. शेत चिबडतं कधी? पाटात पाण्याचा जोर वाढला तर, पाटाचा काठ झिरपायला लागला तर, किंवा पाणी काढून नेणारे चर बुजले तर. शरीराचंही तसंच. हृदय थकलं की मागे पाणी तुंबून जोर वाढतो. रक्तातलं प्रथिन पाण्याला आत धरून ठेवतं, ते मूत्रपिंडातून गळालं किंवा यकृताने बनवलंच नाही तर पाणी बाहेर झिरपतं. आणि राहिलेलं पाणी उचलून नेणारे चर म्हणजे लसीकावाहिन्या, त्या बुजल्या तरी सूज. शेत चिबडलेलं दिसतं सारखंच, पण कारण तीन ठिकाणी असू शकतं.

सांगायचा मुद्दा हा की, सूज हा रोग नाही, तो निरोप आहे. आमच्या भाषेत एरर मेसेज. नुसता मेसेज पुसून बिघाड जात नाही. म्हणूनच 'सूज उतरायची गोळी द्या' म्हणून थेट मेडिकलवाल्याकडे जाणं धोक्याचं. गोळीने लघवी होते, सूज उतरते आणि माणूस खूश होतो. मूत्रपिंड मात्र तसंच बिघडत राहतं.

निरोप चुकीचा वाचला जातो याचं आणखी एक उदाहरण तर आपल्या तोंडीच आहे. 'ही सूज आहे, बाळसं नव्हे' असं आपण पुढाऱ्याच्या लोकप्रियतेपासून शेअर बाजारापर्यंत कशालाही म्हणतो. पण हा शब्दशः खरा प्रकार आहे. सकस खाणं न मिळालेल्या मुलाच्या गालांवर, पायांवर पाणी चढतं आणि ते गुटगुटीत दिसतं. १९३०च्या दशकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना) सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी हा आजार जगापुढे मांडला आणि तिथल्याच गा भाषेतलं नाव घेतलं, क्वाशिओरकॉर. पाठचं भावंड आल्यावर आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. आज पोराच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहिला तर वजन काट्यावर काहीही भरो, ते तीव्र कुपोषित धरतात. वजनाचा काटा फसतो, अंगठा फसत नाही. ज्या कुणी मराठी बाईने पहिल्यांदा सूज आणि बाळसं यांत फरक केला, तिला हे सगळं आधीच कळलेलं असणार.

आता शेवटचा शब्द, आणि हे सगळं लिहायचं खरं कारण. हत्तीपाय.

महाराष्ट्रात हत्तीरोगाच्या जिल्ह्यांची जी यादी आहे तिच्यात विदर्भातले बरेच जिल्हे येतात, तशी नांदेड आणि लातूर ही नावंही येतात. सीमेपलीकडे कानडीत त्याला 'आनेकालु' म्हणतात, म्हणजे हत्तीचा पाय. उर्दूत 'फीलपा', अर्थ तोच. तेलुगूत 'बोदकालु'. संस्कृत नाव श्लीपद. सुश्रुताने निदानस्थानाच्या १२व्या अध्यायात श्लीपद आणि अंडवृद्धी शेजारी-शेजारी ठेवले आहेत, आणि श्लीपद कुठे जास्त, तर जिथे जुनं पाणी साचून राहतं तिथे, असंही म्हटलं आहे. दोन्ही निरीक्षणं नेमकी आहेत. फक्त मधला दुवा, तो किडा, त्याला दिसणं शक्य नव्हतं.

युरोपात तर नावानेच घोटाळा केला. ग्रीक लोक 'एलेफंटियासिस' म्हणत ते कुष्ठरोगाला, हत्तीसारखी कातडी होते म्हणून. अरब 'दाउल-फील', म्हणजे हत्तीचा रोग, म्हणत ते सुजलेल्या पायाला. अरबी ग्रंथांचं लॅटिन करताना दाउल-फीलचं एलेफंटियासिस झालं, आणि पुढे कित्येक शतकं एकाच नावाखाली दोन रोग नांदले. दोन व्हेरिएबलना एकच नाव दिल्यावर काय होतं ते आमच्यातला कुणीही सांगेल.

किडा सापडला तोही तुकड्यातुकड्याने. १८६३ मध्ये पॅरिसला दमार्के यांना तो अंडवृद्धीच्या पाण्यात दिसला, १८६६ मध्ये ब्राझीलला वुखरर यांना लघवीत आणि १८७२ मध्ये आपल्या कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना रक्तात. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात बँक्रॉफ्ट यांनी पूर्ण वाढलेला किडा पाहिला. १८७७ मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी तो डासाच्या पोटात वाढताना पाहिला, पण त्यांना वाटलं की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो. डासाच्या चाव्यातूनच तो शरीरात शिरतो हे कळायला १९०० साल उजाडलं. हा डास म्हणजे क्युलेक्स, घाण पाण्यातला. उघडी गटार, संडासाची टाकी, तुंबलेलं सांडपाणी हे त्याचं घर. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलेल्या गावातही गटार कोरडं नसतं. त्यामुळे दुष्काळी लातूर या यादीत कसं, हा प्रश्न पडायचं कारण नाही.

किडे लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात, म्हणजे चर हळूहळू बुजत जातात. त्यांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, म्हणून तर आरोग्य खात्याची माणसं रात्री उशिरा दार वाजवून बोटाचं रक्त मागतात. लागण बहुतेकदा लहानपणीची, पाय सुजतो तो मोठेपणी. मधली कित्येक वर्षं माणूस धडधाकट दिसतो आणि त्याच्या रक्तातून डास किडे पुढे नेत असतो.

आणि नेमका इथे शब्द आडवा येतो. 'हत्तीरोग' हे नाव रोगाच्या शेवटच्या पायरीचं आहे. भारतात १९५५ पासून हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आणि २००४ पासून सगळ्या लोकांना वर्षातून एकदा गोळ्या खाऊ घालायची मोहीम चालू झाली. आधी डीईसी, मग जोडीला अल्बेन्डाझोल, आणि २०१८-१९ पासून निवडक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही (महाराष्ट्रात सुरुवात नागपूरपासून). दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी खायच्या. पण आशाताई दारात येऊन 'हत्तीरोगाची गोळी' म्हणतात, आणि घरातला माणूस स्वतःच्या पायांकडे बघून म्हणतो, "मला कुठं हत्तीपाय झालाय? तुमीच खावा." त्याचं काही चुकलं नाही. नावाने त्याला जे सांगितलं त्याला त्याने बरोबर उत्तर दिलं. गोळी मात्र पाय बरा करायची नव्हतीच. ती पाय सुजण्याच्या वीस वर्षं आधीची गोळी आहे. खाल्ल्यावर एखाद्याला ताप आला, डोकं दुखलं, तर बहुधा ती रक्तातले किडे मरत असल्याची खूण असते. पण गल्लीत बातमी पसरते ती 'गोळीने ताप आला' एवढीच.

दुसरं नुकसान लाजेचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या रोगाने अंडवृद्धी झालेले पुरुष जगात अडीच कोटी, आणि हातपाय सुजलेले लोक दीड कोटी. म्हणजे हत्तीच्या पायापेक्षा न दिसणारी सूजच जास्त. तिला आपल्याकडे नाव घ्यायलाही चारचौघांत कुणी धजत नाही. आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते, कायम ढगळ धोतर, लग्नाच्या पंगतीत न बसता डबा घरी मागवायचे. आम्ही पोरं हसायचो. शस्त्रक्रियेने बरं होणारं दुखणं होतं, सरकारी दवाखान्यात मोफत होणारं. पण डॉक्टरला सांगायचं काय, या एका शब्दापाशी त्यांची उमर गेली. सुजलेल्या पायाचंही तसंच. तो पूर्ववत होत नसला तरी रोज साबणाने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, पाय उशाला घेऊन बसणं एवढ्याने वाढ रोखता येते. त्यासाठी आधी पाय कुणाला तरी दाखवावा लागतो.

देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलं आहे. माझी एक साधी सूचना. मोहिमेतली अल्बेन्डाझोलची गोळी शाळेतली पोरं जंतनाशक दिनाला खातातच, आणि तिथे कुणी 'मला कुठं जंत झालेत?' म्हणून हुज्जत घालत नाही. कारण जंत कुणालाही असू शकतात, दिसत नाहीत, आणि त्यात लाज नाही, हे 'जंत' या शब्दातच आलं. मग दारात उभं राहून 'रक्तातल्या जंताची गोळी' म्हटलं तर काय बिघडेल? खोटं काहीच नाही, किडाच तो. पोस्टरवर हत्तीचा पाय छापायचा तर छापा, पण हाक मारताना शेवटच्या पायरीचं नाव घेऊ नका. नांदेड-लातूरकडच्या घरांत फोन कराल तेव्हा एवढं सांगून ठेवा, की गोळी आली तर आशाताईंच्या समोरच खाऊन टाका, उपाशीपोटी नको, काहीतरी खाऊन. आणि कुणाच्या नडगीवर अंगठ्याचा खड्डा राहत असेल तर त्याला इडीमा म्हणा, शोफ म्हणा, वरम म्हणा, काहीही म्हणा, फक्त 'आपोआप उतरेल' म्हणू नका.